पंचमीच्या आदल्या दिवशी बसवलेली मूठ

२०१९ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो. त्या साली लोणावळ्याजवळच्या आमच्या औंढ्याला आषाढ संपून श्रावण लागला तरी उन्हाचं तोंड दिसलं नव्हतं. मिठाच्या बरणीत पाणी साठलेलं. काडी ओढली की पेटीवर नुसती लाल रेघ उठायची, जाळ काही यायचा नाही. दाराच्या फळ्या फुगून चौकटीत अशा रुतलेल्या, की बाहेर जायचं तर खांदा लावावा लागायचा आणि आत यायचं तरी खांदाच. धुकं मात्र कुठूनही आत यायचं. कौलांच्या फटीतून, खिडकीतून, माझ्या छत्रीबरोबर. एकदा आलं की घरच्या माणसासारखं बसून राहायचं, जायचं नाव नाही.

हे लिहितोय ते तळेगावात, दुसऱ्या मजल्यावर बसून. इथं पाऊस काचेच्या पलीकडं पडतो. सूनबाई सरकती खिडकी लावून घेते. म्हणते, "आबा, फरशी ओली होते." बरोबर आहे तिचं, फरशी ओली होते. पण पाऊस दिसतोय आणि ऐकू येत नाही, म्हणजे समोर माणूस बसून नुसते ओठ हलवतोय असं वाटतं मला. आज सकाळी ती कॅलेंडरसमोर उभी राहून म्हणाली, "परवा पंचमी आहे. काही कापायचं नाही, चिरायचं नाही. आबा, तुमचं बाल्कनीतलं कामही बंद हं त्या दिवशी." मी हूं म्हणालो. आत ओट्याशी माझी बायको अनुसया मेथी निवडत उभी होती.  तिचा हात थांबला. माझ्या लक्षात आलं, हिलाही तीच पंचमी आठवली.

मी शिकलो चौथी, त्यातलंही अर्धं वर्ष गुरांमागं गेलं. पण कारखान्याच्या टूलरूममध्ये एकतीस वर्षं काढली, आणि डिप्लोमा झालेली पोरं मला विचारल्याशिवाय अवघड कामाला हात लावायची नाहीत. खोटं कशाला बोलू, ताठा होता मला त्याचा. अजून आहे. आमच्या शॉपमध्ये 'ढिला' ही शिवी होती. नट ढिला, काम ढिलं, माणूस ढिला. साहेब आम्ही केलेली वस्तू हातात घेऊन हलवून बघायचे. जराशी खळखळली की परत. माझी वस्तू कधी परत आली नाही. दाबून, आवळून, वर आणखी अर्धा फेरा. तो अर्धा फेरा माझा स्वतःचा. सही करावी तसा.

अनुसयाचे गुडघे त्या साली गेले. एका दिवसात गेले असं नाही, आधी बरीच वर्षं कुरकुरत होते. पण त्या भातलावणीला आवणाची रोपं घेऊन ती चिखलात उतरली आणि तिला वर येईना. दोघी बायांनी काखेत हात घालून बांधावर काढली. बांधावर बसून ती हसत होती. "माजं आता आवण झालं, बाया. रोवा मला हितंच," म्हणाली. बायाही हसल्या. मी मात्र हसलो नाही.

डॉक्टर म्हणाले, जमिनीवर बसायचं नाही. आमचं तर सगळं घरच जमिनीवर. चूल जमिनीवर, गॅसची शेगडी जमिनीवर, पाटा जमिनीवर, विळी जमिनीवर. जेवायचं जमिनीवर, देव तेवढे कोनाड्यात. न बसता त्या घरात राहायचं म्हणजे कसं राहायचं? ती भिंतीला धरून उभी राहायची. कधी बादली पालथी घालून तिच्यावर टेकायची. शेजारची सून येऊन भाजी चिरून द्यायची, आणि अनुसया तिच्या डोक्यावर उभी राहून म्हणायची, "बारीक चीर गं, आमी काय जनावरं हाय का?" स्वतःच्या स्वयंपाकघरात ती पाहुणी झाली होती.

आमचा दत्ता तळेगावला कारखान्यात आहे. त्यानं हा फ्लॅट तेव्हा नुकताच घेतला होता. तो आला आणि म्हणाला, "आईला घेऊन जातो. लिफ्ट आहे, उकिडवं बसायचा संडास नाही, ओटा कमरेएवढा आहे. तुम्हीपण चला, आबा."

मी म्हणालो, "माजं मडं निघंल हितनं. पण मी त्या खोक्यात यायचो न्हाई."

बापानं असं बोलल्यावर पोरगा काय म्हणणार? "बरं," म्हणाला. त्यानंतर त्यानं मला परत विचारलं नाही. जाताना एवढंच म्हणाला, "पंचमीला रजा टाकून येतो. तोवर आईचं काय ते ठरवा." ठरवा, असं मला म्हणाला. अनुसया दारातच उभी होती. तिला विचारावं हे ना त्याच्या तोंडी आलं ना माझ्या मनात. आमच्याकडं बायकांना भाजी कुठली करायची हे विचारतात. राहायचं कुठं, ते नाही.

तर मला पंचमीपर्यंतची मुदत मिळाली. तेवढ्यात दाखवून द्यायचं होतं, की ही इथंच उभी राहून नीट संसार करू शकते. नाही दाखवता आलं तर ती जाणार, आणि मी माझ्या शब्दाला बांधला जाऊन त्या फुगलेल्या दाराआड एकटा राहणार. हे मी कुणाला बोललो नाही. भिंतीला कमरेएवढी एक रुंद फळी ठोकली, खालून दोन टेके दिले. हा झाला ओटा. आता उभ्यानं चिरायचं तर विळी चालत नाही, सुरी पाहिजे. बाजारातली सुरी हातात धरली की अनुसयाची बोटं दुखायची, मूठ बारीक म्हणून. म्हणालो, मी करतो.

पातं माझ्याकडं होतं. कारखान्यात लोखंडाचे जाड गज कापायला मोठी यंत्राची करवत असते, तिचं तुटलेलं रुंद पातं मी निवृत्तीच्या वेळी मागून आणलं होतं. त्याची सुरी कधी बोथट होत नाही. दात घासून काढले, धार काढली. मागची चार बोटं जागा मुठीसाठी सोडली. मूठ म्हणजे काय, तर त्या लोखंडाच्या दोन्ही अंगांना दोन लाकडी पट्ट्या. मधे गोंद. असल्या पात्याला भोक पाडायला गेलं तर ड्रिल मोडतं पण भोक पडत नाही. शेवटाला करवतीचं मुळातलं एक भोक असतं, त्यातून एक पितळी खिळा आरपार जातो. बाकी सगळी मदार गोंदावर. गोंद लावायचा, पट्ट्या बसवायच्या, आणि दोन क्लॅम्प, म्हणजे पेचाचे शिकंजे, लावून एक दिवस एक रात्र गप्प ठेवायचं.

गोंदासाठी मी शनिवारी लोणावळ्याला गेलो. पावसाळ्यातल्या शनिवारी-रविवारी आमच्या भागात शहाणा माणूस घराबाहेर पडत नाही. धबधबा बघायला येणाऱ्यांच्या गाड्या रस्त्याला अशा चिकटून उभ्या, की दोन गाड्यांमधून कुत्रंसुद्धा जाईना. दोन ट्यूबा घेतल्या, एक पांढरी, एक पिवळसर, सारख्या मापानं कालवायच्या. खिशात घालून परत निघालो तर रिक्षा तासभर एकाच जागी. उतरलो आणि चालायला लागलो. एका गाडीतून एका पोरानं काच खाली केली. आत गाणी लागलेली.

"अंकल, आगे क्या है देखने को?"

"माजं घर हाय," मी म्हणालो. "बगायचं आसंल तर चला. पर उबं ऱ्हावं लागंल, बसाय जागा न्हाई."

त्याला काही कळलं नाही. हसून त्यानं काच वर केली. मी भिजत पुढं निघालो, आणि मागं वळून बघितलं तर ती गाडी तिथंच. मीही अडकलेला, तेही अडकलेले. फरक एवढाच की त्यांना संध्याकाळी परत जायला दुसरं गाव होतं.

आता राहिलं लाकूड. मुठीला सुकं लाकूड पाहिजे, आणि त्या श्रावणात औंढ्यात सुकं काय होतं? गोठ्यामागची बाभूळ भिजून काळी पडलेली. जुन्या पलंगाचा पाय दाबला तर नख रुतायचं. सगळ्या घरात एकच लाकूड कोरडं खणखणीत होतं, चुलीशेजारी वर्षानुवर्षं धुरात शेकलेलं. विळीचा पाट.

शिसवीचा पाट होता तो. अनुसयाचं माहेर कार्ल्याचं. लग्नात तिच्या वडिलांनी तिथल्या सुताराकडून करून दिलेला. पुढं तिच्या पायाच्या दाबानं झिजून त्याला एक खळगा पडला होता. मी तो उलटा केला, ठोकून बघितला. आवाज असा आला की मन भरलं. मी म्हणालो, हिला आता बसता येत नाही, मग विळी काय कामाची? हिच्याच पाटाची मूठ हिच्याच हातात येईल. यापेक्षा चांगलं काय? ती दुपारची पडली होती. मी मागचं दार उघडून परड्यात जाऊन पाट कापला.

आज सहा-सात वर्षांनी मला सगळ्यात जास्त हेच आठवतं, की कापताना मला फार आनंद झाला होता. शिसवीचा तो काळसर भुसा, त्याचा गोडसर वास, वरून पागोळ्यांचा पडदा. माणूस चूक करत असताना त्याला कुणी आतून टोचणी देतं म्हणतात. मला कुणी काही दिलं नाही. मी शीळ घालत होतो.

रविवारी सकाळी पट्ट्या घासून गुळगुळीत केल्या. अनुसया झोपेत असताना दोऱ्यानं तिच्या तळहाताचं माप घेतलं होतं, त्या मापानं मधे जरा फुगवटा ठेवला. गोंद कालवला. पावसाळी हवेत तो लवकर वाळत नाही हे मला माहीत होतं, म्हणून म्हटलं, आवळण्यात कसूर नको. दोन क्लॅम्प खिडकीच्या फळीवर ठेवले. पहिला फेरा, दुसरा फेरा. पट्ट्यांच्या कडेनं गोंदाचे मणी बाहेर आले. ते मी फडक्यानं पुसले. आणखी एक फेरा. आणखी मणी. तेही पुसले. जोर संपेपर्यंत पिळलं, आणि मग शेवटी, सवयीनं, माझा तो अर्धा फेरा.

अशी आवळलेली वस्तू घरात असली की एक गंमत होते. तिच्याकडं बघवतही नाही आणि दुसरीकडं लक्षही लागत नाही. आत काय चाललंय ते कळत नाही. सोडून बघावं तर काम बिघडतं. दोन पट्ट्यांना एकमेकींचं तोंड दिसत नाही, मधे पातं. मी येता-जाता बघत होतो. पाऊस चालूच. अनुसयानं एकदा विचारलं, "काय चाललंय खिडकीत?" मी म्हणालो, "उद्या कळंल."

संध्याकाळी ती स्वयंपाकघरात काहीतरी हुडकायला लागली.

"अवो, विळी कुटाय?"

"कशाला पायजे?"

"कशाला म्हंजी? उद्या पंचमी. उद्याची भाजी आजच चिरून ठिवायची. कुटं ठिवली?"

माझ्या डोक्यात तेव्हा कुठं उजेड पडला. पंचमीला आमच्याकडं काही कापत नाहीत, चिरत नाहीत, भाजत नाहीत, तळत नाहीत. जमिनीत कुदळ घालत नाहीत. नागाला लागेल म्हणून. विळीला त्या दिवशी हात लावायचा नाही, सुरीला नाही. आणि मी पंचमीच्या दिवशी पोरासमोर बायकोला फळीशी उभी करून भाजी चिरायला लावणार होतो! एकतीस वर्षं शिफ्ट केलेला माणूस. मी वार मोजले होते, तिथी मोजली नव्हती.

ती ओट्यातून उरलेल्या फळकुटांच्या मागं डोकावत होती. तिला विळीचं पातं सापडलं, पाटाच्या उरलेल्या वीतभर तुकड्यात अडकलेलं. ते हातात घेऊन ती उभी राहिली.

"पाट कुटं गेला हिचा?"

मी खिडकीकडं बोट केलं.

ती जवळ गेली. क्लॅम्पमधल्या त्या दोन काळ्या पट्ट्यांवरून तिनं बोट फिरवलं. मला वाटलं, आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या माणसाशी मला भांडता येतं.

"विचारलं आसतं तर," ती म्हणाली.

"तुला बसाय येत न्हाई. विळी काय शोकेसमदी ठिवायची व्हती?"

"बसाय येत न्हाई त्ये माजं मी बगीन. लाकूड माजं व्हतं."

"मूठ कुणासाठी करतोय मग मी? माज्यासाठी?"

"मी सांगितलं व्हतं का तुमाला?"

  तिनं शेजारच्या सुनेकडून विळी मागवली, पालथ्या बादलीवर टेकून, पाय लांब करून, कशीबशी वाकून भाजी चिरली. मी फळीशेजारी उभा. फळी कमरेएवढी, अगदी बरोबर माप. तिच्यावर काहीच नाही. मग तिनं फोन घेतला. "दत्ता, येतोयस ना उद्या? व्हय. येते मी." कान देऊन ऐकत होतो मी. येते मी, एवढंच. माझं नाव त्यात आलं नाही, आणि का यावं? मीच तर म्हणालो होतो, माझं मडं निघेल.

माणसाला कोंडायला दुसरं कुणी लागत नाही. स्वतःचं एक वाक्य पुरतं. लोकांसमोर बोललेलं असलं की झालं. मी पुढचे दोन दिवस त्या वाक्याच्या भिंतींना हात लावून बघत होतो. कुठं दार आहे का. कुणी परत एकदा "चला" म्हणालं असतं तर मी दोनदा नाही म्हणून तिसऱ्यांदा निघालो असतो. पण कुणी म्हणालं नाही. मी ज्यांना तसं शिकवलं होतं, ती माझी माणसं माझा शब्द पाळत होती.

पंचमीला अनुसयानं भिंतीवर गंधानं नाग काढला. दरवर्षीपेक्षा जरा वर, तिच्या खांद्याएवढ्या उंचीवर, कारण खाली वाकता येत नव्हतं. लाह्या वाहिल्या, दूध दाखवलं. पुरणाची दिंडं उकडली. घरभर हळदीच्या पानांचा वास झाला आणि धुकंसुद्धा गोड लागायला लागलं. दत्ता आला, भिजलेले बूट दारात काढले. आल्या-आल्या त्याची नजर खिडकीवर गेली. तोही त्याच धंद्यातला.

"आबा, किती आवळलंय हे!" त्यानं क्लॅम्पच्या दांडीला हात लावून बघितला. "सगळा गोंद बाहेर आला असणार. आत काय राहिलंय?"

"तू जन्माला याच्या आदी मी टूलरूममदी व्हतो."

"ते झालंच. पण गोंदाला आत थोडी जागा लागते, आबा."

"तुज्या कंपनीत लागत आसंल."

 अनुसया ताटं वाढत होती, तिनं वर बघितलं नाही. जेवणं झाल्यावर मी क्लॅम्प सोडले. काय सुरेख दिसत होती ती मूठ! फट म्हणून नाही. दोन पट्ट्या आणि लोखंड एकच जीव असल्यासारखं. मी हलवून बघितली, वाकवून बघितली. जागची हलली नाही. मी दत्ताकडं बघितलं. मग सुरी उलटी करून, मूठ पुढं करून, अनुसयासमोर धरली.

तिनं दोन्ही हात मागं घेतले.

"आज? सुरी देताय व्हय हातात, आज?"

आणि ती आत जाऊन पिशवी भरायला लागली. दोन लुगडी, औषधं, चष्मा, देवातली छोटी अन्नपूर्णा. मी सुरी हातात धरून तसाच उभा. दत्तानं माझ्याकडं बघितलं. म्हणाला, "आज पाऊस फार आहे. सकाळी निघू." त्या दिवशी घरात काही कापलं गेलं नाही, काही तुटलं नाही, रिवाज अगदी कडक पाळला गेला.

आता इथं बाल्कनीत मी बसतो तेव्हा माझ्यासमोर लोखंडी ग्रिल असतं. ग्रिलच्या चौकोनातून तळेगावचा पाऊस चौकोनी दिसतो. दुपारी दोन ते चार ठोकाठोक करायची नाही असा सोसायटीचा नियम आहे, तेवढा वेळ मी नुसता क्लॅम्प लावून बसतो. सोसायटीतल्या बायका सुऱ्या घेऊन येतात. "आजोबा, हिची मूठ निघाली." कोणाची प्लॅस्टिकची, कोणाची लाकडाची. मी नव्या पट्ट्या बसवतो. आधी दोन्ही बाजू खरबरीत करून घेतो. क्लॅम्प फिरवतो, आणि कडेला गोंदाचा पहिला मणी आला की हात काढून घेतो. दर वेळी हात पुढं जायला बघतो. अर्धा फेरा अजून मनगटात आहे. तो तिथंच ठेवून मी उठतो आणि आत जाऊन पाणी पितो. दत्ता बघतो, पण त्यावरून कधी बोलत नाही. पोरगा चांगला आहे.

अनुसयाला मी नवी विळी करून देतो म्हणालो होतो, इथं आल्यावर, एकदाच. ती म्हणाली, "कशाला? बसाय कुटं येतंय?" माझंच वाक्य, पण तिनं टोमणा म्हणून नाही मारलं. साधं म्हणाली. म्हणून जास्त लागलं. ओट्याशी ती बाजारातल्या सुरीनं चिरते. मूठ बारीक आहे. बोटं दुखत असणार. मी विचारलेलं नाही. नाही, आज विचारलं. सकाळी तिचा हात थांबला होता ना, तेव्हा मी उठून ओट्याजवळ गेलो आणि विचारलं, "दुखत्यात का गं बोटं?" ती म्हणाली, "लय न्हाई." आणि परत मेथी निवडायला लागली.

गावाकडं लोक विचारतात, "आबा, पोरानं नेलं का तुमाला?" मी म्हणतो, "व्हय, ऐकतोय कुटं. आणलंच." सात वर्षं हेच सांगतोय. खरं ते असं आहे.

पंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अनुसयानं माळ्यावरून दत्ताकरवी एक लाल भोपळा काढला. उन्हाळी वेलाचा, चांगला मोठा. तो फळीवर ठेवला. आमच्याकडं अख्ख्या भोपळ्याला बाईमाणूस आधी सुरी लावत नाही. पहिला वार गड्यानं घालायचा, मग पुढचं बायकांनी करायचं. दोन दिवसांनी ती माझ्याशी नीट बोलली ती त्यापायी.

"ह्याला तेवडा वार घाला. निम्मा हितं ठिवते तुमाला, निम्मा तिकडं नेते."

निम्मा इथं, निम्मा तिकडं. मी सुरी घेतली. माझीच. मनात म्हटलं, बघ आता. भोपळ्याच्या देठाशी टोक टेकवलं आणि वरून दाबलं. पातं सरळ आत उतरलं, लोण्यात उतरावं तसं, अर्ध्यापर्यंत. मग भोपळ्यानं धरलं. मी जोर लावला, मनगट पिळलं. आणि 'टक्' असा एक कोरडा आवाज झाला. एक पट्टी खिळ्याभोवती गर्रकन फिरून उघडली. दुसरी माझ्या तळहातात सुटून आली. आतून बघितली, तर स्वच्छ लाकूड. गोंदाचा डागसुद्धा नाही. जसा काही लावलाच नव्हता.

पातं भोपळ्यात उभं. मी हातात पट्टी घेऊन. दत्ता दारात. तो "मी म्हणालो होतो" म्हणेल याची मी वाट बघत होतो. त्यानं आपल्या पिशवीतून पक्कड काढली आणि पातं ओढून काढलं. दुसऱ्यांदा वार घालायला कुणी पुढं झालं नाही.

"ऱ्हाऊ द्या तसाच," अनुसया म्हणाली. माझ्या हातातली पट्टी तिनं काढून घेतली, पातं घेतलं, दोन्ही फडक्यात गुंडाळून कोनाड्यात ठेवलं. मग दत्ताचा हात धरून, एक-एक पाय टाकत, गाडीकडं गेली. पुढच्या सीटवर बसली, गुडघ्यांना तिथं जागा जास्त.

दत्ता परत आत आला. "आबा, भोपळ्याचं काय करायचं? इथं ठेवायचा का न्यायचा?"

मी भोपळा उचलला, छातीशी धरला. फुगलेल्या दाराला खांदा दिला आणि पावसात बाहेर आलो. गाडीचं मागचं दार उघडून भोपळा सीटवर ठेवला, आणि त्याच्या शेजारी बसलो. दार ओढून घेतलं.

दत्ता पावसात उभा राहून काचेतून माझ्याकडं बघत होता. मग पुढं बसून, आरशातून.

"आबा?"

"भोपळा गडगडंल," मी म्हणालो. "धराय नको का कुनी?"

तो उतरला, घराला कुलूप घालून आला, आणि त्यानं गाडी चालू केली. अनुसया समोर बघत होती. काचेवरचं पाणी पुसणारी दांडी इकडून तिकडं, तिकडून इकडं जात होती. औंढे मागं पडलं. हमरस्त्याला लागलो, कार्ल्याचा फाटा गेला, तिनं माहेराकडं हात जोडले. मग मान न वळवता म्हणाली,

"अवो, परड्याकडलं दार लावलं का?"

"लावलं," मी म्हणालो.

लावलं नव्हतं.